माझ्या डोक्यातल्या रेघा

मी नऊ-दहा वर्षांची असताना मला एक खोड लागली आहे, असं आमच्या घरात सगळ्यांचं ठरून गेलं होतं. बोलता बोलता गप्प व्हायची खोड. ताटात भाकरी कुस्करत असले तर हात तसाच थांबायचा, नजर समोर कुठंतरी लागायची, पापण्या फडफडायच्या आणि थोड्या वेळानं मी पुन्हा भाकरी कुस्करायला लागायचे. "कुठं लक्ष हाय गं तुझं?" अव्वा विचारायची. मला तो प्रश्नच कळायचा नाही. माझ्या लेखी मधे काही घडलेलंच नसायचं. एवढंच व्हायचं की माणसं अचानक जागा बदलायची. आत्ता उंबऱ्यात उभे असलेले आप्पा एकदम चुलीपाशी बसलेले दिसायचे. हे सगळ्यांनाच असं दिसतं, असंच मी धरून चालले होते. नऊ वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार?

आम्ही वाशीचे. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. घरची जमीन, विहिरीवर मोट, ज्वारी आणि करडई. आप्पा मराठी बोलायचे. अव्वा उमरग्याकडची, तिचं माहेर कानडी, त्यामुळं ती हौसेनं बोलायची मराठीत आणि रागवायची कानडीत. शाळेत वरच्या वर्गात गेल्यावर उर्दू यायची. आमच्या वर्गात मुली दोनच होत्या, त्यातली एक मी.

हजेरी घेताना मास्तर नाव पुकारायचे आणि आम्ही "हाजिर" म्हणायचं. एकदा माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी नेमकी त्या तंद्रीत असणार. मी गप्प. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. मी त्यांच्याकडंच बघत होते म्हणे, पण तोंडातून शब्द नाही. त्यांना तो उद्धटपणा वाटला. "समोर बसून गैरहाजिर!" असं म्हणत त्यांनी हातावर दोन छड्या दिल्या. छड्यांनी मी जागी झाले असं नाही, माझी वेळ संपली म्हणून मी जागी झाले. हात का झोंबतोय तेच मला कळेना. पोरं हसत होती. तेव्हापासून माझं नावच गैरहाजिर पडलं.

त्यात काहीतरी वेगळं आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या उर्दूच्या मौलवीसाहेबांनी. म्हातारे गृहस्थ, आवाज मऊ, शेरवानीची कोपरं विरलेली. ते इमला घालायचे, म्हणजे ते वाचणार आणि आम्ही लिहायचं. माझ्या वहीत वाक्यं मधेच तुटलेली असायची. अक्षर नीट चाललेलं असायचं, मग टाक घसरत खालच्या ओळीवर जायचा, एक वेडीवाकडी रेघ, आणि पुढं तीन-चार शब्द सोडून पुन्हा तेच नीट अक्षर. इतर मुलं चुकायची ती शब्दात चुकायची. माझे शब्द चुकत नव्हते, नाहीसेच होत होते. मौलवीसाहेब एका संध्याकाळी ती वही घेऊन आमच्या घरी आले.

"बच्ची शैतान नहीं है," ते आप्पांना म्हणाले. "ये लिखते लिखते कहीं जाती है, और फिर वापस आती है. किसी हकीम को दिखाव."

"कुठं जाती?" आप्पांनी विचारलं.

"वो तो उसको भी नहीं मालूम."

आप्पांनी वही उलटसुलट करून बघितली. त्यांना उर्दू वाचता यायचं नाही, पण त्या रेघा बघायला वाचता यायची काय गरज? त्यांनी रात्री जेवताना माझ्याकडं तीनदा बघितलं. अव्वा मात्र म्हणाली, "पोरीच्या जातीला शाळंत घातलं की असंच व्हतंय."

हकिमाच्या आधी देव झाला. आमच्याकडं अशा गोष्टींना सोनारीचा काळभैरव. बैलगाडीनं भूमवरून जायचं, वाटेत मुक्काम करायचा. मला त्या प्रवासाचा आनंदच झाला होता. सोनारीला माकडं फार, ती देवाचीच मानतात, कुणी त्यांना हाकलत नाही. देवळाच्या पायऱ्यांवर मी हातात नारळ घेऊन उभी होते. पुढचं मला आप्पांनी सांगितलेलं. एक मोठं माकड भिंतीवरून उतरलं, सरळ माझ्यापाशी आलं आणि नारळाला हात घातला. भोवतीच्या बाया ओरडल्या, "सोड गं, सोड पोरी!" मी सोडला नाही, धरलाही नाही. नुसती उभी. माकडानं हिसका मारला, त्याचं नख माझ्या मनगटावर लांबवर ओढलं गेलं, रक्त आलं, माकड नारळ घेऊन शिखरावर गेलं, आणि मी तशीच समोर बघत उभी.

मग मी भानावर आले आणि विचारलं, "आप्पा, नारळ कुठं गेला?"

माझ्या हातावरून रक्त ठिबकत होतं आणि मी नारळाचं विचारत होते. आप्पांचा चेहरा मला अजून दिसतो. तोवर ते मला रागवायचे, समजावायचे, कधी हसायचे. त्या दिवशी त्यांनी माझं मनगट आपल्या धोतराच्या सोग्यानं दाबून धरलं आणि अव्वाला म्हणाले, "ही खोड न्हाय. खोड आसंल तर दुखलेलं कळतंय."

पुजारी म्हणाला, देवाची सावली पडलीय, पाच अमावास्या करा. अव्वानं पाच अमावास्या मनाशी बांधून घेतल्या.

त्या उन्हाळ्यात मावशी आली आणि सगळं बदललं.

मावशी अव्वाची धाकटी बहीण. लहानपणीच विधवा झालेली. लोकांनी तिला कोपऱ्यात बसवायच्या आधी ती बार्शीला निघून गेली होती आणि एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकली होती. बार्शी हद्दीपलीकडं, इंग्रजांच्या मुलखात. तिथून ती आली की आमच्या घरात साबणाचा वास यायचा. ती भरभर चालायची, भरभर बोलायची, आणि आप्पांशी सरळ मान वर करून बोलायची.

पहिल्याच दिवशी तिनं मला चुलीपाशी थांबलेलं बघितलं. ती ओरडली नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या डोळ्यांपुढून बोट फिरवलं, दंडाला चिमटा काढला आणि तोंडानं एक, दोन, तीन मोजत राहिली. मी शुद्धीवर आले तेव्हा ती नऊवर होती. मग तिनं सुतळीचा एक तुकडा घेतला. दिवसभर ती माझ्या मागं मागं फिरली आणि मी थांबले की एक गाठ मारायची. दिवेलागणीला तिनं गाठी मोजल्या. सदतीस.

"अक्का," ती अव्वाला म्हणाली, "ह्याला डॉक्टर फेफरं म्हणत्यात."

अव्वाच्या हातातली परात खाली आली. "काय बोलतीस? फेफरं आलं की माणूस पडतंय, तोंडाला फेस येतोय. माझी पोर कधी पडली?"

"सगळ्यांचं फेफरं पाडत न्हाय अक्का. काहींचं नुसतं थांबवतंय. मी दवाखान्यात बघितलंय."

"हळू बोल. भिंतीपल्याड माणसं हाईत. उद्या हिला कोण करून घील?"

"आणि उद्या ही विहिरीच्या काठावर थांबली तर?"

अव्वा त्यावर कानडीत बरंच काही बोलली. मावशीनं कानडीतच उत्तर दिलं. मी आणि आप्पा बाहेर ओसरीवर बसून ऐकत होतो. शेवटी आप्पा उठले, आत गेले आणि म्हणाले, "मी हिला बार्शीला नेणार."

येडशीहून बार्शीची छोटी गाडी निघायची. मी पहिल्यांदा आगगाडीत बसत होते आणि आजारासाठी जातोय हे विसरूनच गेले होते. बार्शीच्या डॉक्टरांनी मावशीची सुतळी हातात घेऊन बघितली, मला चालवलं, बोलवलं, गुडघ्यावर हातोडी मारली. फेफऱ्यासाठी त्यांच्याकडं होत्या त्या गोळ्या त्यांनी दिल्या. त्या गोळ्यांनी मी दिवसभर पेंगायला लागले. भाकरीवर डोकं टेकून झोपायचे. आणि गाठी तेवढ्याच.

दोन महिन्यांनी आप्पा वैतागून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आधी पोर घटकाभर जायची, आता दिवसभर जातीय."

ते डॉक्टर खरे माणूस होते. म्हणाले, "माझं निदान बरोबर आहे असं मला वाटतं, पण खात्री नाही. हे मुलीचं लक्ष नसणं असेल, दुसरं काही असेल, किंवा फेफऱ्याचाच वेगळा प्रकार असेल. औषध त्यावर ठरतं. विलायतेत एक यंत्र निघालंय. डोक्याला तारा लावतात आणि मेंदूत जी बारीक वीज चालते ती कागदावर उमटते. मुंबईत ते येणार आहे म्हणतात. आलं की मी कळवतो."

आप्पांनी हे वाक्य जसंच्या तसं पाठ केलं. घरी येऊन त्यांनी अव्वाला सांगितलं, मौलवीसाहेबांना सांगितलं. मेंदूत वीज चालते! मौलवीसाहेब म्हणाले, "सुभानअल्ला." अव्वा म्हणाली, "वीज पडली की माणूस मरतंय."

पण यंत्र येण्याआधी वाईट दिवस आले. रझाकारांचा काळ. हद्दीजवळच्या गावांतून माणसं रातोरात निघाली, आम्हीही निघालो. कितीतरी महिने आम्ही बार्शीला मावशीच्या एका खोलीत काढले, तिच्यासकट चौघंजण. आप्पा धान्याच्या मोंढ्यावर पोती उचलायला जायचे, ज्यांनी कधी दुसऱ्याचं पोतं उचललं नव्हतं. त्या काळाबद्दल दुसऱ्यांनी पुष्कळ सांगितलंय, मी माझ्यापुरतं एवढंच सांगते की त्या गर्दीत माझ्या थांबण्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती, आणि मला ते बरं वाटायचं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही वाशीला परतलो. घराची कवाडं होती, आतलं पुष्कळ नव्हतं. आप्पांनी पहिलं पीक घरात आणलं आणि त्याच हिवाळ्यात बार्शीहून मावशीचं पत्र आलं. यंत्र आलंय.

आप्पा पत्र घेऊन शेतातून पळत आले. पळत! पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्याचा पटका हातात. "आलं, आलं!" एवढंच म्हणत होते. शेजाऱ्यांना वाटलं कुणाला पोरगा झाला.

अव्वा आमच्यासोबत आली नाही. तिनं गावात सांगितलं, तुळजापूरला गेलेत. मुंबईला मी, आप्पा आणि मावशी गेलो. एका धर्मशाळेत उतरलो. मावशीनं आदल्या दिवशी माझे केस दोनदा शिकेकाईनं धुतले, तेलाचा थेंबही राहता कामा नये असा निरोप होता. जन्मात पहिल्यांदा मी बिनतेलाच्या केसांनी चारचौघांत गेले. केस पिंजारलेले, वाऱ्यावर उडणारे. मला तेच जास्त लाजिरवाणं वाटत होतं.

यंत्राची खोली लहान होती. एक खाट, आणि पलीकडं कपाटाएवढी पेटी, तिच्यावर बटणं आणि पुढं कागदाची रुंद पट्टी. त्या पट्टीवर आठ बारीक लेखण्या टेकलेल्या. यंत्र चालवायला एक पारशी बाई होत्या, चष्मा आणि झगा. त्यांनी माझ्या केसांत भांग पाडत पाडत चिकट मलम लावलं आणि एकेक तार चिकटवली. "डिकरी, घाबरायचं नाय हां. हे मशीन काय देत नाय. फकत घेते." मी घाबरले नव्हते. मला त्या लेखण्या कधी हलतात ते बघायचं होतं.

डॉक्टर तरुण होते, मराठी. त्यांनी आप्पांना बाहेर थांबायला सांगितलं. आप्पा म्हणाले, "साहेब, दोन वर्षं मी ह्याची वाट बघितलीय. कोपऱ्यात उभा ऱ्हातो. शिंकत पण न्हाय." डॉक्टर हसले आणि त्यांना राहू दिलं.

बटण फिरलं. कागद सरकायला लागला आणि आठी लेखण्या एकदम हलल्या. मला डोळे मिटायला सांगितलं होतं, पण मी आधी तिरपं बघून घेतलं. बारीक बारीक लाटा, तळ्यावर वारा आल्यावर उठतात तशा. माझ्या डोक्यातून! मला इतका आनंद झाला की मी हसले, आणि हसल्याबरोबर लेखण्या वेड्यासारख्या धावल्या. पारशी बाई रागावल्या, "हसायचं नाय! तोंडाचं हलणं पण येते त्यात."

मग कितीतरी वेळ मी निपचित पडून राहिले. डोळे उघड, डोळे मीट. कागदाची घडीवर घडी पडत होती. शेवटी डॉक्टर आप्पांना हळूच म्हणाले, "आतापर्यंतचा कागद तर साफ आहे."

आप्पांचा आवाज उतरला. "म्हंजी पोरीला काय न्हाय?"

"तसं नाही. बाजाराच्या दिवशी चोर आला नाही म्हणून गावात चोर नाही असं म्हणता येतं का? आपण त्याला बोलावून बघू." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू घरी चूल फुंकतेस का?"

"व्हय."

"तशी फुंक. जोरात, खोल, न थांबता. मी सांगेपर्यंत."

मी फुंकायला लागले. तोंडाला फुंकणी नाही, समोर चूल नाही, मुंबईत खाटेवर पडून मी हवा फुंकत होते. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या. डॉक्टर म्हणाले, "हा शब्द ध्यानात ठेव. करडई." मी फुंकत राहिले. एकदम बघते तर आप्पा माझ्या खाटेला लागून उभे, मावशीनं तोंडावर पदर धरलेला, आणि पारशी बाईंचा चष्मा कपाळावर.

"कुठला शब्द सांगितला होता मी?" डॉक्टरांनी विचारलं.

"करडई."

"आणि त्याच्यानंतर दुसरा?"

"दुसरा सांगितलाच न्हाय."

आप्पा ओरडले, "सांगितला! पाटलीण म्हणले! मोठ्यांदा म्हणले, दोनदा!" आणि मग त्यांनी कागदाकडं बोट केलं. "दिसलं बाई, दिसलं! तू गेलेली दिसलीस!"

मी तारांसकट उठून बसले. पारशी बाई मला धरत होत्या, पण मी वाकून बघितलंच. तळ्यावरच्या त्या बारीक लाटा होत्या, होत्या, आणि मग एका जागी, कुठलीही सूचना न देता, आठी रेघांनी एकदम उंच उडी घेतली होती. एक टोकदार सुळका आणि त्याच्या पाठीला एक गोल लाट. सुळका, लाट. सुळका, लाट. सगळ्या रेघा एका तालात, जणू आठ जणांनी एकाच वेळी पाय उचललेले. आणि मग तसंच अचानक सगळं शांत, पुन्हा बारीक लाटा. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं. अकरा सेकंद. एका सेकंदाला तीन सुळके.

तीन वर्षं लोक मला सांगत होते की तू थांबतेस, आणि मी मनातून कधी त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला. मी पुन्हा पुन्हा वाकून कागद बघत होते, तेव्हा पारशी बाई म्हणाल्या, आता पाणी पी आणि गप बस.

डॉक्टरांनी आप्पांना खुर्चीवर बसवलं. मेंदूत वीज चालते म्हणजे काय, हे ते सांगायला लागले. कोट्यवधी बारीक पेशी असतात, त्या एकमेकींशी सारख्या बोलत असतात, जिचं तिचं वेगळं. त्या सगळ्या बोलण्याची कुजबूज म्हणजे ह्या बारीक लाटा. आणि फेफरं म्हणजे सगळ्यांनी एकदम एकच गोष्ट बोलायला लागणं.

आप्पा म्हणाले, "कळंबच्या बाजारात समदे येपारी एकदम एकच आरोळी ठोकायला लागले तर आवाज मोठा व्हईल, पण सौदा कुणाचाच व्हनार न्हाय."

"बरोबर तेच!" डॉक्टरांनी टेबलावर हात मारला. "मी उद्यापासून असंच सांगणार."

"मग ही येडी न्हाय?"

"अजिबात नाही."

"आणि बाहेरचं?"

"बाहेरचं काही नाही. आतलंच आहे, आणि ह्या प्रकारचं पुष्कळदा मोठेपणी जातं." मग त्यांनी आवाज जरा गंभीर केला. "पण एक लक्षात ठेवा. नुसत्या कागदावर फेफरं ठरत नाही. काही धडधाकट माणसांच्या कागदावरही वाकड्या रेघा येतात, त्यांना आयुष्यात कधी काही होत नाही. आणि ज्यांना खरंच झटके येतात त्यांचा कागद कधी कधी साफ येतो, मघाशी हिचा होता तसा. तुम्ही, ह्या बाईंनी जे डोळ्यांनी बघितलं, मोजलं, ते आधी. कागद त्याला पुरावा." त्यांनी मावशीला विचारलं, "दिवसाला सदतीस हे तुम्ही मोजलंत?" तिनं नुसती मान हलवली.

औषध बदललं. बार्शीच्या गोळ्या झटके येऊन पडणाऱ्यांसाठी होत्या, ह्या थांबण्याच्या प्रकाराला वेगळं औषध हवं आणि ते नुकतंच निघालेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. दर महिन्याला बार्शीला रक्त तपासायचं, हेही बजावलं. निघताना आप्पांनी हात जोडून त्या कागदाचा तुकडा मागितला. डॉक्टरांनी त्या पहिल्या सुळक्यांचा भाग दप्तरी ठेवला, पण त्याच्या पाठोपाठ मला दुसऱ्यांदा तसं झालं होतं, थोडं छोटं, तेवढा तुकडा कापून दिला.

आप्पांनी तो तुकडा दाखवला नाही असं वाशीत घर राहिलं नाही. चावडीवर, देवळात, मौलवीसाहेबांकडं. मौलवीसाहेब तेव्हा आजारी होते, त्यांनी अंथरुणातच चष्मा मागितला आणि कागद बराच वेळ बघितला. "देखो," ते मला म्हणाले, "तेरा जाना भी लिखा गया." मास्तरांना पण आप्पांनी कागद दाखवला. त्यांनी माझ्यावर पुन्हा छडी उगारली नाही.

अव्वा संतापली होती. तुळजापूरची थाप उघडी पडली होती आणि आता अख्ख्या गावाला माहीत होतं. दोन दिवस ती आप्पांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, "आण बघू तो कागद."

मी मांडीवर पसरला. तिनं हात पुसून घेतले आणि बोट टेकवलं. "हितं तू हाईस?"

"व्हय."

बोट सरकत सरकत सुळक्यांवर आलं. "आणि हितं न्हाईस?"

"हितं न्हाय."

तिनं बोट तसंच पुढं नेलं, जिथं पुन्हा बारीक लाटा होत्या तिथपर्यंत. "हितं आलीस." आणि मग ती मला पोटाशी धरून रडली, कानडीत काहीतरी म्हणत. मधल्या पळापळीत पाच अमावास्यांपैकी दोन राहिल्या होत्या, त्याही तिनं केल्या. गोळीही रोज स्वतःच्या हातानं दिली. तिला दोन्हींत काही विरोध दिसला नाही.

त्या औषधानं एक गंमत व्हायची. ऊन पांढरंफेक दिसायचं. दुपारी शेतात गेले की ज्वारीची ताटं, माती, बैल, सगळ्यांवर कुणी चुना फासल्यासारखं. डोळे उघडवत नसत. मी पदर कपाळावर ओढून चालायचे आणि बाया म्हणायच्या, पोर लाजरी झाली. पण गाठी कमी झाल्या. मावशी आली की मोजायची. वीस. अकरा. चार. एका पाडव्याला ती संध्याकाळपर्यंत सुतळी हातात घेऊन बसली होती आणि सुतळी गुळगुळीत राहिली.

मला सगळ्यात जास्त काय आठवतं ते सांगू? वर्गातला पाठ सलग ऐकू येणं. आता शाळेत सगळं मराठीतून शिकवत होते. मास्तरांनी एक गोष्ट वाचायला घेतली आणि ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत माझ्या कानांत शिरली, मधे कुठंही फट नाही. मला वाटलं, अरे, बाकीची पोरं रोज असं ऐकतात? एवढं सगळं? मी घरी येऊन अव्वाला ती गोष्ट सांगितली, मग आप्पांना, मग बैलांना पाणी पाजताना बैलांना. गावच्या शाळेची शेवटची परीक्षा मी पहिल्या नंबरानं पास झाले.

चार वर्षांनी औषध थांबवायचं ठरलं, तेव्हा मी आणि आप्पा पुन्हा मुंबईला गेलो. पारशी बाई त्याच होत्या. ह्या वेळी त्यांनी फुंकायला लावलं आणि मी फुंकत राहिले, डोकं हलकं झालं, मुंग्या आल्या, आणि काहीच झालं नाही. डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले होते, मी दोन्ही सांगितले. कागद अखेरपर्यंत बारीक लाटांचा. डॉक्टर म्हणाले, कागद साफ आहे म्हणून बेफिकीर राहू नका, वर्षभर लक्ष ठेवा. आप्पांनी "व्हय, व्हय" म्हटलं, पण त्यांचं लक्ष कुठलं? ते हसत होते.

परतीला कुर्डूवाडीला गाडी बदलली आणि बार्शीच्या छोट्या गाडीत बसलो. आप्पांनी डब्यात बसल्या बसल्या सुरुवात केली. शेजारच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याला, समोरच्या म्हातारीला, तिकीट तपासायला आलेल्या माणसाला. मेंदूत वीज कशी चालते, लेखण्या किती असतात, फुंकायचं कसं. त्यांनी फुंकूनही दाखवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सोळा वर्षांची मुलगी, आणि बाप सगळ्या डब्याला सांगतोय की हिला फेफरं होतं. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले.

पांगरीच्या बाजूची एक बाई पलीकडच्या बाकावर होती. ती मघापासून आप्पांचं ऐकत होती. आप्पा पाणी प्यायला थांबले तेव्हा ती उठून माझ्याशेजारी येऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "माझ्या लेकीला सासरनं परत पाठवलंय. म्हणत्यात, भांडं हातातून सोडती आन् बघत ऱ्हाती. तिला पण आसंच आसंल का वं?"

मी तिच्याकडं वळले. आप्पा बोलायला तोंड उघडत होते, मी त्यांना हातानं थांबवलं.

"मला डॉक्टरसारखं सांगता येणार नाही," मी म्हणाले. "पण ती थांबती तेव्हा पापण्या फडफडत्यात का? हाक मारली तर ऐकू येतंय का? आणि मागनं तिला काही आठवतंय का?"

तिनं एकेकाचं उत्तर दिलं. काही माझ्यासारखं होतं, काही वेगळं. तिच्या लेकीचे ओठ चावल्यासारखे हलायचे, आणि वेळही जास्त लागायचा. मी म्हटलं, हे दुसऱ्या प्रकारचंही असू शकतं, म्हणूनच दाखवायला पाहिजे. मग मी तिला मोजायला शिकवलं. एक, दोन, तीन, मनातल्या मनात, घाई न करता. ती बोटांवर मोजत माझ्याबरोबर ओठ हलवत होती. बार्शी आली तेव्हा गाडी थांबल्याचं आम्हा दोघींनाही कळलं नाही. खाली फलाटावर मावशी आम्हाला शोधत डब्याडब्यातून डोकावत होती. मी तिला खिडकीतून हाक मारली आणि त्या बाईला हाताला धरून खाली उतरवलं.